खोटे शिक्षक चालचलणुकीवरून ओळखू येत होते, हे कितपत खरं?

ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) शिरलेले खोटे शिक्षक सगळे कामातुर होते, सगळे पैशाचे लोभी होते, त्यामुळे त्यांना ओळखणं सोपं होतं. शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष, ‘ज्याची चाल शुद्ध, त्याची शिकवण शुद्ध.’ लिहिणाऱ्याचा हेतू लोकांना भोंदूंपासून सावध करण्याचा असावा. पण पहिल्या तीन शतकांतलं उपलब्ध लिखाण समोर ठेवलं तर यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही, आणि शेवटचं तर भोंदूंच्याच पथ्यावर पडणारं आहे.

‘सगळे कामातुर होते. यहूदाचं पत्र आणि पेत्राचं दुसरं पत्र, दोन साक्षी आहेत.’

साक्षी पूर्णपणे वेगळ्या नाहीत. ही दोन्ही बायबलच्या नव्या करारातली पत्रं. यहूदाचं पत्र अवघं 25 ओव्यांचं. त्यातला बराच मजकूर पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात भेटतो, आणि पाप करणारे देवदूत, मग सदोम, मग बलाम हा क्रमही तोच. एकाने दुसऱ्याचं पत्र वापरलं आहे, आणि यहूदाचं आधीचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आरोप मात्र गंभीर आहेत आणि ते झटकून टाकायचं कारण नाही. ही माणसं देवाच्या कृपेचा अर्थ ‘वाटेल तसं वागा’ असा लावतात, प्रीतिभोजनात (मंडळीच्या एकत्र जेवणात) निर्लज्जपणे ताव मारतात, फायद्यासाठी तोंडपुजेपणा करतात. पण हे ठरावीक मंडळ्यांत शिरलेल्या ठरावीक माणसांबद्दल आहे. नव्या करारातलीच इतर पत्रं उघडा. गलतीकरांच्या मंडळ्यांत प्रेषित पौलाला छळणारे लोक सुंतेचा आग्रह धरत होते. पौल त्यांच्या हेतूंवर सडकून टीका करतो, पण व्यभिचाराचा आरोप करत नाही. कलस्सैमध्ये ‘हे चाखू नको, त्याला हात लावू नको’ असं सांगणारे होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर खोटी शिकवण देणारे लग्नाला मनाई करतात आणि ठरावीक अन्न वर्ज्य करायला लावतात. म्हणजे इथे धोका भोगाचा नव्हता, अतिरेकी वैराग्याचा होता!

दिवे मालवून चालणाऱ्या स्वैराचाराच्या कहाण्याही या मजकुरात आहेत. त्या वापरताना फार जपायला हवं, कारण रोमन लोक नेमक्या याच कहाण्या ख्रिस्ती लोकांबद्दल सांगत. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये बसून जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून बचाव लिहिला. त्यात तो पाखंडी गटांवर तुटून पडतो, पण दिवे मालवणं आणि नरमांस खाणं यांबद्दल सरळ म्हणतो की ते असं करतात की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. विरोधकाबद्दल इतकं लिहायलाही प्रामाणिकपणा लागतो.

‘सगळे पैशासाठी आले होते.’

मार्कियोनचं काय करायचं? काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा हा जहाजमालक रोमच्या मंडळीत आला तेव्हा त्याने 2,00,000 सेस्टर्स (रोमन नाणी) देणगी दिली. जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, ही त्याची शिकवण मंडळीला मान्य झाली नाही. सुमारे 144 साली फारकत झाली आणि रक्कम त्याला परत मिळाली. ही हकिकत सांगतो तो ख्रिस्ती लेखक तर्तुलियन, मार्कियोनविरुद्ध पाच पुस्तकं लिहिणारा त्याचा कडवा विरोधक. मार्कियोनच्या पंथात बाप्तिस्मा घेणाऱ्याला ब्रह्मचर्य पाळावं लागे. पुढच्या काही लेखकांनी त्याच्यावर एका कुमारिकेला भ्रष्ट केल्याचा ठपका ठेवला, आणि मजकुरात तीच गोष्ट पुरावा म्हणून आली आहे. तर्तुलियन मार्कियोनवर एवढं लिहितो, पण ही गोष्ट सांगत नाही. उलट मार्कियोनचा शिष्य अपेल्लेस एका बाईच्या नादी लागला तेव्हा त्याने ‘मार्कियोनचा संयम सोडला’ असा टोमणा मारतो. शत्रूने नकळत दिलेलं प्रमाणपत्रच हे. (तर्तुलियन स्वतः पुढे मोंतानच्या पंथाकडे झुकला, तोही मुख्य मंडळी त्याला फार सैल वाटली म्हणून.)

‘त्यांना ओळखणं सोपं होतं.’

सोपं असतं तर डिडाके लिहावं लागलं नसतं. पहिल्या शतकाच्या अखेरीला किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला तयार झालेली ही छोटी नियमावली. तिची पूर्ण प्रत 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांना कसं वागवावं, हे तीत बारकाईने सांगितलं आहे. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दुसराही, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आत्म्याने भरून ‘जेवण मांडा’ म्हणाला आणि स्वतःच जेवायला बसला तर खोटा. वस्तीलाच राहायचं असेल तर काम करून खावं, नाहीतर तो ख्रिस्ताच्या नावाने धंदा करणारा. इतके बारीक नियम कोण करतं? ज्याला अनेकदा गंडवलं गेलंय, तोच.

त्याच पुस्तकात शिकवणीची कसोटी वेगळी सांगितली आहे, आणि ती आधी येते: कोणी वेगळी शिकवण देऊ लागला तर त्याचं ऐकू नका. चाल एका बाजूला, शिकवण दुसऱ्या बाजूला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी या दोन्हींची मोट बांधली आहे.

फसवणूक किती सहज होई, याचं वर्णन मंडळीबाहेरच्या एका माणसानेही केलंय. व्यंग्यकार ल्युशियन पेरेग्रिनसची कथा सांगतो. हा माणूस पॅलेस्टाइनमध्ये ख्रिस्ती झाला, बघता बघता पुढारी बनला, तुरुंगात गेला. मग पहाटेपासून विधवा आणि अनाथ मुलं तुरुंगापाशी थांबत, रोमन आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) शहरांतून माणसं मदत घेऊन येत, आणि त्याच्याकडे बराच पैसा जमला. पुढे काहीतरी निषिद्ध खाल्लं म्हणून ख्रिस्ती लोकांनी त्याला दूर केलं. 165 साली ऑलिंपियाच्या खेळांच्या वेळी त्याने स्वतःला जाळून घेतलं. ल्युशियन खोचक आहे, त्याचा शब्दन्‌शब्द खरा मानू नये. पण लक्षात घ्या, त्याच्या गोष्टीत ख्रिस्ती लोक पेरेग्रिनसला पैशावरून ओळखत नाहीत.

‘ज्याची चाल शुद्ध, त्याची शिकवण शुद्ध.’

हे दोन्ही बाजूंनी खोटं ठरतं. स्मुर्णाचा अध्यक्ष (बिशप) पॉलिकार्प फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो तेव्हा व्हॅलेन्स नावाच्या वडिलाबद्दल (मंडळीच्या एका पुढाऱ्याबद्दल) हळहळतो. व्हॅलेन्स आणि त्याची बायको पैशाच्या लोभात अडकली होती. शिकवण चुकल्याचा एक शब्दही नाही. माणूस आपलाच, मताने सरळ, हाताने नाही. पॉलिकार्प त्यांना शत्रू समजू नका, परत बोलवा, असं सांगतो. उलट बाजूला अस्क्लेपियस, मार्कियोनच्या पंथाचा अध्यक्ष. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोकांच्या झालेल्या छळात पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात तो पेत्र नावाच्या ख्रिस्ती हुतात्म्यासोबत एकाच चितेवर जाळला गेला. मंडळीचा इतिहासकार युसेबियस त्याची निष्ठा नाकारत नाही, फक्त ती ज्ञानाला धरून नव्हती म्हणतो.

मजकुराला खरोखर अनुकूल असा माणूसही सापडतो, समोसाताचा पौल, अंत्युखियाचा अध्यक्ष. ख्रिस्त स्वभावतः साधा माणूस होता, असं तो शिकवी. 268 साली तिथे जमलेल्या अध्यक्षांनी त्याला काढलं आणि त्यांचं पत्र युसेबियसने जपून ठेवलं. ते वाचायला मोठं रंजक आहे. गरीब असलेला हा माणूस गडगंज झाला. उंच सिंहासन करून घेतलं. अध्यक्षापेक्षा सरकारी हुद्द्याने हाक मारलेली त्याला जास्त आवडे. बोलताना मांडीवर थाप मारी, पाय आपटी, आणि नाटकगृहातल्यासारखे रुमाल हलवून वाहवा न करणाऱ्यांवर डाफरत असे. ईस्टरच्या सणाला बायकांकडून स्वतःचीच स्तोत्रं गाऊन घेई. घरात तरुण बायका ठेवी. शिकवण चुकीची, चालही वाईट, दोन्ही एकाच माणसात.

आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर ते अध्यक्ष काय म्हणतात? की या गोष्टींचा जाब आपल्यातला, खऱ्या शिकवणीला धरून असलेल्या माणसाकडून मागायचा असतो. ज्याने शिकवणच सोडली त्याच्याकडून मागण्यात अर्थ नाही. सिंहासन, रुमाल, बायका हे सगळं त्यांनी नोंदवलं, पण त्याला काढलं ते ख्रिस्ताविषयीच्या मतावरून. तरीही तो मंडळीचं घर सोडेना. शेवटी प्रकरण सम्राट ऑरेलियनपर्यंत गेलं. तो काही ख्रिस्ती नव्हता. इटलीचे आणि रोमचे अध्यक्ष ज्याच्याशी पत्रव्यवहार ठेवतील त्याला घर द्या, असा त्याने निकाल दिला आणि मग पौल बाहेर पडला.