फुस्तातच्या ‘चिंध्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

इजिप्तमध्ये सापडलेल्या गुजराती छापील कापडांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. एक, ज्यांचं मी एवढं कौतुक केलं त्या निव्वळ चिंध्या आहेत. दोन, इंग्रजांनी त्या इथून लुटून ऑक्सफर्डला नेल्या आणि मी त्याबद्दल गप्प राहिलो. तीन, हे कापड इथे राहिलं असतं तर आपण ते जपलंच असतं, म्हणून सरकारने ते परत मागायला हवं. तुम्ही पोटतिडकीने लिहिलं आहे, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

लुटीचं आधी बोलू. हे कापड इथून कुणी हिसकावून नेलं नाही, ते विकलं गेलं. दहाव्या-अकराव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत गुजरातच्या बंदरांतून छापील सुती कापडाचे गठ्ठे येमेनमधल्या एडन बंदराला, तिथून तांबड्या समुद्रातून इजिप्तला जात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या मलेशियातल्या मलाक्यात राहिलेल्या तोमे पिरिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवलंय की गुजरातची बंदरनगरी खंबायत आपला उजवा हात एडनकडे पसरते आणि दुसरा मलाक्याकडे. फुस्तातचं कापड त्या उजव्या हाताने पोचलेलं. फुस्तात म्हणजे जुनं कैरो. 1168 मध्ये ते जाळण्यात आलं आणि पुढे त्याचा बराचसा भाग कैरोचा उकिरडा झाला. त्या ढिगाऱ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कापडाचे तुकडे निघू लागले. पर्सी न्यूबेरी या इजिप्ततज्ज्ञाने आणि त्याच्या पत्नीने ते जमवले आणि 1946 मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयाला दिले. बाराशेहून जास्त तुकडे आहेत. ते भारतातले आहेत हे 1938 मध्ये फिस्टर या संशोधकाने मांडलं.

या व्यवहारात नुकसान झालं नाही असं मी म्हणत नाही. तुकडे बाजारातून आले, त्यामुळे कुठला तुकडा कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता ही माहिती कायमची गेली. मला ही खरी चोरी वाटते. तांबड्या समुद्रावरच्या कुसेर अल-कदीम बंदरात पुढे रीतसर उत्खनन झालं, तिथेही भारतीय छापील कापड मिळालं. पण तिथे प्रत्येक तुकड्याची जागा नोंदलेली आहे. हा फरक ज्याने पाहिला त्याला जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांबद्दल प्रेम वाटणं शक्य नाही.

आता चिंध्या. हो, चिंध्याच आहेत, आणि म्हणूनच त्या मला मोलाच्या वाटतात. राजवस्त्रांची वर्णनं काव्यात असतात, चित्रांत असतात. कैरोतल्या साध्या घरातली बाई काय नेसत होती, गादीवर काय अंथरत होती, हे कोण लिहून ठेवणार? या तुकड्यांपैकी बरेचसे जाडेभरडे आहेत. कुठे शिवण आहे, कुठे रफू, कुठे दुसऱ्याच कापडाचं ठिगळ. म्हणजे घेणाऱ्याने ते शेवटपर्यंत वापरलं. आणि तरीही लाल तो लालच. तुरटीचं पाणी देऊन मंजिष्ठेसारख्या मुळांचा लाल रंग सुतात पक्का बसवायचा, नको तिथे निळीचा रंग चढू नये म्हणून आधी लेप द्यायचा, ही विद्या त्या रंगाऱ्यांच्या हातात होती. स्वस्तातल्या मालावरही त्यांनी ती अंगचोरपणा न करता वापरली. कच्छमधल्या धमडका आणि अजरखपूरचे खत्री कारागीर आजही तुरटी, हिरडा आणि नीळ घेऊन याच जातीचं काम करतात. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात. लोखंडाचा हा काळा सुताला हळूहळू खातो. जुन्या छापील कापडात काळी रेघ झडलेली आणि लाल शाबूत, असं दिसतं ते त्यामुळे.

इथे राहिलं असतं तर? सुताला ओल लागली की बुरशी, मग कसर, मग वाळवी. आपल्या चार महिन्यांच्या पावसात कापड पाचशे वर्षं काढत नाही. कैरोत पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून उकिरड्यातही टिकलं. शिवाय आपल्याकडे कापड ठेवून द्यायची रीत नव्हती. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. जरीचं असेल तर जाळून चांदी काढायची. यात पूर्वजांचा अपमान कसला? ती काटकसर होती, आणि मला तिचा आदर आहे. जिथे जपायचं कारण होतं तिथे आपण जपलंही: जैसलमेर आणि पाटणच्या जैन ज्ञानभांडारांत मध्ययुगीन पोथ्या शतकानुशतकं राहिल्या. त्या काळच्या पोथीचित्रांतल्या माणसांच्या अंगावर फुस्तातशी जुळणारी नक्षी दिसते, आणि तिच्या आधारानेच कापडांचा उगम ठरवायला मदत झाली.

पिरिशने सांगितलेल्या दुसऱ्या हाताकडे तुमच्या प्रतिक्रियेत लक्षच गेलेलं नाही. लवंग-जायफळाच्या मोबदल्यात गुजराती कापड पूर्वेच्या बेटांवर गेलं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या डोंगरात तोराजा लोकांनी ते पवित्र मानलं, घराण्याची ठेव म्हणून राखलं, मोजक्या विधींनाच बाहेर काढलं. पाच-पाच मीटर लांबीची अखंड कापडं तिथे राहिली, वीणा धरलेल्या बायकांच्या रांगा छापलेली. कार्बन-कालमापनात काहींचं वय तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत मागे जातं. हंसांची एक नक्षी तर फुस्तातच्या तुकड्यावरही आहे आणि सुलावेसीच्या कापडावरही. मधे अख्खा हिंदी महासागर! एकीकडे ती टाकून दिल्यामुळे उरली, दुसरीकडे देवासारखी सांभाळल्यामुळे. तिथल्या दमट हवेत ती उरली याचं सगळं श्रेय माणसांच्या हातांना आहे.

म्हणून परत मागण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फुस्तातच्या तुकड्यांवर हक्क सांगायचाच तर आधी इजिप्तने सांगावा. तोराजांची अनेक कापडं अलीकडच्या दशकांत बाजारात आली आणि परदेशी संग्रहालयांत पोचली. त्यातली कुठली कुणी राजीखुशीने विकली हे विचारायचा अधिकार त्या घराण्यांचा आहे, आपला नाही. आपण माल विकला होता आणि त्याचे पैसे घेतले होते. मला हवंय ते वेगळं: दोन्ही टोकांची हंसनक्षी अहमदाबादेत किंवा मुंबईत काही महिने शेजारी-शेजारी मांडली जावी आणि ती पाहायला धमडक्याच्या छपाईवाल्यांना सगळ्यांत आधी बोलावलं जावं. त्या मागणीवर तुम्ही सही करणार असाल तर मी तुमच्यासोबत आहे.