कचरावेचक बायांविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "हे खरे आहे का गं?" संदेश पुण्यातील कचरावेचक बायांविषयी होता. या बाया भंगार विकून रोज दोन हजार रुपये कमावतात, कचऱ्याच्या निमित्ताने घरांची टेहळणी करतात, मुलांना मुद्दाम कामाला लावतात, रोग पसरवतात, शहर घाण करतात आणि घंटागाडी असताना त्यांची गरजच उरलेली नाही, असे त्यात म्हटले होते. शेवटी ठळक अक्षरांत उपाय होता: सुका कचरा ओल्यात कालवून द्या, पुठ्ठे भिजवून टाका, म्हणजे त्यांना काही विकता येणार नाही आणि त्यांची सवय मोडेल. मावशीने मला विचारले खरे, पण माझ्या उत्तराची वाट न पाहता तीन दिवस तसाच कचरा दिलाही होता. तिच्यासारख्या सरळ मनाच्या बाईच्या हातून हे घडते, म्हणून मी या उपायापासूनच सुरुवात करते, कारण संपूर्ण संदेशात सर्वांत जास्त इजा करणारी ओळ हीच आहे.

सुका कचरा ओल्यात कालवला म्हणून तो वेचण्याचे काम थांबत नाही. ते फक्त अधिक घाण आणि अधिक धोक्याचे होते. ज्या बाईचे घर त्या दिवशीच्या भंगारावर चालते, ती उष्टे आणि चहाचा चोथा बाजूला सारत त्यात हात घालतेच. त्यात फुटलेली काच असते, दाढीचे पाते असते, डायपर असते. पुठ्ठा एकदा आमटीत भिजला की भंगारवाला त्याचा भाव पाडतो किंवा तो घेतच नाही. म्हणजे तिचे कष्ट वाढतात आणि पैसे कमी होतात. ज्याने हा उपाय सुचवला, त्याला नेमके हेच हवे होते, हे वाचून मला संताप आला.

शिवाय हा उपाय नियमाविरुद्ध आहे. केंद्र सरकारने 2016 साली काढलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा घरातच तीन भागांत वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली: ओला, सुका आणि घरगुती घातक. हा वेगळा केलेला कचरा अधिकृत कचरावेचकांकडे किंवा कचरा गोळा करणाऱ्यांकडे सोपवावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कचरावेचक म्हणजे कोण, याची व्याख्याही त्या नियमांत होती. तेव्हा या बाया कुठून तरी घुसलेल्या आहेत, असा जो सूर संदेशात आहे, त्याला काहीही आधार नाही. मिश्र कचऱ्याचे पुढे काय होते, हे पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील लोकांना विचारावे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या दारात ओतला गेला, विहिरींचे पाणी नासले, डेपोला आगी लागल्या आणि त्यांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली.

आता रोजच्या दोन हजारांविषयी. मी घरातील वजनकाट्यावर एक लिटरची रिकामी बाटली ठेवून पाहिली. अशी बाटली वीस-पंचवीस ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोला चाळीस ते पन्नास बाटल्या लागतात. किलोला तीस रुपये भाव धरला, तरी दोन हजार रुपयांसाठी सहासष्ट किलोंहून अधिक, म्हणजे सुमारे तीन हजार बाटल्या एका बाईने एका दिवसात गोळा करायच्या, चेपायच्या आणि डोक्यावरून दुकानापर्यंत न्यायच्या. हा हिशेब पाच मिनिटांत होतो. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो केलेला दिसत नाही. शिवाय भंगाराचा भाव त्या बाईच्या हातात नसतो. 2008 च्या जागतिक मंदीत तो कोसळला, तेव्हा तेवढेच पोते भरून निम्म्या पैशांत भागवण्याची वेळ कितीतरी घरांवर आली.

हे काम कोणालाही जमेल, असेही कोणी समजू नये. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई जिन्याखाली बसून माल वेगळा करतात. बाटली हातात आली की त्या आधी टोपण काढतात, लेबल ओढून काढतात, मग बाटली पायाखाली चेपतात. टोपण वेगळ्या पोत्यात का टाकता, असे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "त्याचं प्लास्टिक येगळं असतंय ताई. एकत्र टाकलं की दुकानदार सगळाच माल हलक्या भावात धरतो." दुधाच्या पिशव्या त्या विसळून दोरीवर वाळत घालतात. पुण्यात या कामात आलेल्या कितीतरी बाया 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून शहरात आलेल्या दलित कुटुंबांतील आहेत. शेत नाही, शिक्षण नाही आणि दुसरे काम कोणी देत नाही, म्हणून ज्यांनी पोते खांद्यावर घेतले, त्यांना उद्देशून "सवय" हा शब्द वापरणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

"यांच्यामुळेच शहर घाण होते" या वाक्याला सर्वांत ठोस उत्तर आकड्यांत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातील भंगार वेचणारे, भंगार व्यापारी आणि पुनर्वापराचे उद्योग यांचा एक अभ्यास झाला आणि तो 2001 साली प्रसिद्ध झाला. पौर्णिमा चिकरमने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांनी तो केला होता. हे सगळे कचरावेचक मिळून रोज सुमारे 144 टन माल कचऱ्यातून बाहेर काढत होते आणि तो वाहून न्यावा न लागल्यामुळे पालिकेचे केवळ वाहतुकीवरचे वर्षाला सुमारे 1 कोटी 58 लाख रुपये वाचत होते. प्रत्येक कचरावेचक महिन्याला 246 रुपयांचे काम पालिकेला फुकट करून देत होती. हे आकडे पंचवीस वर्षांपूर्वीचे आहेत आणि रुपयाची किंमत तेव्हापासून पुष्कळ बदलली आहे. पण कोण कोणाच्या जिवावर जगत होते, एवढे त्यांतून नक्की कळते.

याच मुद्द्यातील एक गोष्ट मी मान्य करते, कारण ती मी स्वतः पाहिली आहे. रस्त्यावरच्या कचरापेटीजवळ पिशव्या फोडल्या जातात आणि नको असलेला कचरा कधी कधी तसाच पसरून राहतो. हे चुकीचे आहे. पण सुका माल घरातूनच वेगळा हातात मिळाला, तर पिशवी फोडण्याची वेळच येत नाही. म्हणजे संदेशाने सांगितलेल्या उपायाने ही तक्रार वाढणार आहे.

टेहळणीचा आरोप नवा नाही. पोते घेऊन फिरणारी बाई दिसली की आधी तिच्यावर संशय, ही रीत जुनी आहे. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि नंतर दोनतीन वर्षांतच महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे या बायांच्या हातात आली. ओळखपत्राचा मोठा उपयोग हाच होता की कोणी अडवले, तर आपण कोण आणि काय करतो, हे दाखवता यावे. लोखंडी झाकणे आणि नळ चोरीला जातात आणि चोरीचा माल घेणारी दुकाने आहेत, हे मी नाकारत नाही. तो चोरांचा आणि अशा दुकानदारांचा गुन्हा आहे. त्यासाठी रोज पहाटे ठरलेल्या दारांवर जाणाऱ्या, नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या बाईला चोर ठरवणे हा शुद्ध खोटेपणा आहे.

मुलांचा प्रश्न खरा आहे आणि तो दुःखाचा आहे. काही मुले अजूनही आईबरोबर वेचायला जातात, काही एकटीही जातात. ते थांबलेच पाहिजे. मात्र आईची कमाई बुडवली की मूल शाळेत जाईल, असे म्हणणाऱ्याने गरिबांचे घर आतून कधी पाहिलेले नसावे. घरात पैसा कमी पडला की आधी मुलांचेच हात कामाला जोडले जातात.

रोगांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घाण आपल्या घरातून निघते आणि तिचा संसर्ग सर्वांत आधी तिला हात लावणाऱ्या बाईला होतो. घंटागाडीचे म्हणाल, तर पुण्यात 2008 पासून असंख्य दारांवरून कचरा उचलणाऱ्या "स्वच्छ" या सहकारी संस्थेच्या मालक याच बाया आहेत आणि ते काम महापालिकेशी केलेल्या कराराने चालते. गाडीपर्यंत कचरा पोहोचतो तो त्यांच्याच हातांनी.

हे सगळे मी मावशीला फोनवर सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, यांच्या इन्सुलिनच्या सुयाही मी त्यातच टाकल्या." काका रोज इंजेक्शन घेतात. वापरलेल्या सुया हा घातक कचरा आहे. त्या ओल्या कचऱ्यात उघड्या गेल्या, तर चाळणाऱ्या हातात सरळ घुसतात. आता तिने जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची एक बरणी सुयांसाठी ठेवली आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात स्वच्छच्या बायांनीच रुजवली, हे ऐकल्यावर तिने त्या बरणीवरही लाल खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः दारात थांबली, आधीच्या तीन दिवसांच्या पिशव्यांत सुया होत्या हे तिने कचरा न्यायला आलेल्या बाईंना सांगितले आणि त्यांचे हात पाहायला मागितले.