पेट्रोल महाग झालं आणि मला शाळेचा रस्ता कळला

परभणीचं नाव टीव्हीवर क्वचितच येतं. 2021 साली मात्र सारखं येत होतं, राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून. मुंबईत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली 29 मे 2021 ला. आमच्याकडे ती त्याच्या आधीच ओलांडून झाली होती. आमचा टँकर येतो मनमाडच्या डेपोतून, तीनेकशे किलोमीटरवरून. ते वाहतुकीचं भाडं लिटरमागे आपल्याच खिशातून जातं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा जिंतूर रोडला, घरापासून 22 किलोमीटर. रोजचं अप-डाऊन 44 किलोमीटर, म्हणजे स्कूटीला जवळपास एक लिटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजारांच्या वर फक्त पेट्रोल. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा आम्ही चौघं स्टाफ चार गाड्यांवर निघायचो, त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, एकमेकांना हात करत. शंभरीने ते बंद पाडलं. पहिल्या महिन्याचा हिशेब बघितला आणि चाराच्या दोन गाड्या झाल्या.

डबलसीट जायला लागलो तेव्हा खरं बोलणं सुरू झालं. पाच वर्षं एका शाळेत असून गणिताच्या सरांशी माझं बोलणं हजेरीपट आणि पोषण आहाराच्या नोंदींपुरतंच होतं. अपूर्णांक ते कसे शिकवतात हे मला गाडीवर मागे बसून कळलं. डब्यातली भाकरी मोडून, चतकोर-नितकोर करून. माझ्या तिसरीच्या वर्गात मी दुसऱ्याच दिवशी तेच केलं. वर्षानुवर्षं खडूने गोल काढत होते, पण लेकरांना भाकरी लगेच कळली.

पुढे 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि मी व आमच्या दुसऱ्या मॅडम दोघींनी गाड्या घरीच ठेवल्या. एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून शाळा दीड किलोमीटर आत, पायी. पहिल्या आठवड्यात पाय दुखले. नंतर लक्षात आलं की इतकी वर्षं हा दीड किलोमीटर मी तोंडाला स्कार्फ बांधून तीन मिनिटांत पार करत होते. रस्त्यावर कोण आहे ते मला दिसतच नव्हतं.

आता वाटेत लेकरं भेटतात. कुणी दप्तर माझ्याकडे देतं, कुणी आजीने दिलेली बोरं देतं. कापूस वेचणीच्या दिवसांत चौथीतली एक मुलगी सलग सहा दिवस गैरहजर होती. मी हजेरीवर नुसते शून्य मांडत होते. सातव्या दिवशी चालत जाताना ती मला धुऱ्यावर दिसली, कमरेला ओटी बांधलेली, ओटीत कापूस आणि काखेत धाकटा भाऊ. तिची आई म्हणाली, "मॅडम, ह्याला कोण सांभाळील? अंगणवाडीत पाठवावं तर तिथवर सोडायला माणूस नाही." सोडायला माणूस नाही, एवढीच अडचण होती! आम्ही रोज त्याच वाटेने जातो. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही लेकरं आमच्या सोबत यायला लागली, धाकटा अंगणवाडीत आणि ती वर्गात. स्कूटीवर असते तर त्या मायलेकी मला दिसल्याच नसत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

महागाई चांगली असं मी म्हणत नाहीये. दूध घालायला पहाटे गावोगाव फिरणाऱ्याला गाडीशिवाय गत्यंतर नाही. डिझेल वाढलं की ट्रॅक्टरचा एकरी भाव वाढतो आणि तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुळावर येतो. रिक्षावाल्याचं तर पोटच त्यावर. मला पगार आहे, फाट्यापर्यंत एसटी आहे, म्हणून मला यात काही चांगलं सापडलं. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही त्यांना "चाला की जरा" असं सांगण्याचा मला काही अधिकार नाही.

म्हणूनच माझं म्हणणं दरापेक्षा बसविषयी आहे. लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क आपण भरतो, राज्याचा व्हॅट भरतो. आपल्याकडून घेतलेल्या त्या पैशातून खेड्यातल्या रस्त्यावर वेळेवर बस दिसली पाहिजे. 1973 साली अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा नेदरलँड्समध्ये रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. मोकळ्या महामार्गांवर माणसं सायकली घेऊन उतरली. लेकरांचे अपघाती मृत्यू थांबवा म्हणून तिथले आईबाप आधीपासूनच रस्त्यावर होते. पुढच्या काळात तिथे सायकलींसाठी वेगळे रस्ते होत गेले. त्याच वर्षी आपल्याकडे पेट्रोल दरवाढीच्या निषेधात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. निषेध हवाच. पण नेदरलँड्समध्ये त्या अडचणीतून रस्ता बदलला, ते आपल्याकडेही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या आठवीच्या पुढच्या मुली मानव विकासच्या योजनेतून मिळालेल्या सायकलींवर जातात. त्यांना रस्त्याच्या कडेला चार फूट मुरूम नीट दाबून दिला तरी ट्रकच्या बाजूने जीव मुठीत धरून जावं लागणार नाही. चार फूट मुरूम, एवढंच.

आणि जिंतूर रोडला शाळा-कॉलेजच्या वेळेला आणखी एक फेरी. नऊच्या सुमारास परभणीहून निघणारी आणि पाचनंतर परत आणणारी. त्यासाठी आम्ही अर्ज तयार केलाय. शिक्षक, अंगणवाडी ताई, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतले लोक, या रस्त्याने अप-डाऊन करणारे सगळे त्यावर सही करू शकतात. आत्तापर्यंत 41 सह्या झाल्यात. सोमवारी सकाळी साडेआठला मी बसस्थानकावर पासच्या खिडकीजवळ अर्ज घेऊन उभी असेन. पेन माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त या.