पन्नास रुपयांची पोस्ट आणि तुमचा भाचा

परभणीचे दादा, नमस्कार.

मराठवाड्यातल्या नव्या ग्राफिक डिझायनरांनी आपला दर कसा ठरवावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की कॅनव्हावर, म्हणजे तयार नमुन्यांवरून चित्रं बनवायच्या ऑनलाइन साधनावर, सगळं फुकटात होतं, एआय दोन मिनिटांत पोस्ट करून देतं, आणि पाऊसपाण्यावर धंदा चालणाऱ्या दुकानदाराकडून पुण्याचे दर मागायला मी पोरांना शिकवते. तुमचा भाचा पन्नास रुपयांत पोस्ट करतो आणि त्याच्याकडे भरपूर काम आहे, हेही लिहिलंत.

यातलं अर्धं मला मान्य आहे. दिवाळीच्या शुभेच्छा, १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम दिनाची पोस्ट, साहेबांचा वाढदिवस, हे दुकानदाराने खुशाल कॅनव्हात स्वतः करावं. माझ्या ग्राहकांना मी हेच सांगते.

पण लातूरच्या एखाद्या क्लासची, मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या निकालाची पोस्ट घ्या. चाळीस पोरांची नावं, फोटो, ७२० पैकी गुण, आणि सगळं त्याच संध्याकाळी हवं. एका पोरीचं आडनाव चुकलं किंवा ६१८ चे ६८१ झाले, तर तिचे वडील क्लासच्या दारात येतात. किंवा जूनमधली कृषी सेवा केंद्राची जाहिरात: वाणाचं नाव, पिशवीचं वजन, भाव. तिथे एक आकडा चुकला तर भांडण गल्ल्यावर होतं. हे तपासायला एआय बसत नाही, माणूस बसतो. डिझायनर पैसे घेतो ते त्या पोस्टवरच्या प्रत्येक अक्षराची जबाबदारी अंगावर घेण्याचे. पन्नास रुपयांत तेवढा वेळ देणं कुणालाच परवडत नाही, तुमच्या भाच्यालाही नाही.

अक्षरांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हेळसांड तिथेच होते. फ्लेक्सवाल्याकडचा मजकूर बहुतेक वेळा कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात असतो. तो जसाच्या तसा उचलून इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे दिसतात, पण युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच आहे, म्हणून रूप फॉन्टवर ठरतं. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडली की अक्षर बदलतं, काहींत बदलतच नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र कितीतरी टेम्प्लेटांत चुकीचाच छापलेला सापडतो. आपल्या गावच्या दुकानाची पाटी परक्या वळणात का असावी? मला हे मनापासून लागतं.

लोगोचंही तसंच. कॅनव्हाच्या भांडारातलं चित्र घेऊन केलेल्या लोगोचा ट्रेडमार्क घेता येत नाही, त्यांच्या अटींतच तसं आहे. शिवाय तेच चित्र उद्या जालन्यातल्या दुसऱ्या दुकानावरही दिसू शकतं. हे दुकानदाराला आधी सांगणं डिझायनरचं काम आहे.

आता पुण्याच्या दराचं. मी तो आकडा कुठेच दिलेला नाही. दर गावाप्रमाणे असावा, पण तो तासांवरून काढावा: फोन, फोटो मागवणं, दुरुस्त्या, सगळं धरून. ‘एवढे पैसे कशाचे घ्यायलाव?’ असं विचारणाऱ्या दुकानदाराला हे समजावून सांगितलं की बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम सोडून द्यावं.

भाच्याला माझा निरोप द्या. काम सुरू करण्याआधी व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून घे: अर्धे पैसे आधी, दुरुस्त्या दोनच, अंतिम मजकूर ग्राहकाने ‘बरोबर आहे’ असं लिहून पाठवायचा, आणि मूळ फाइल हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. तयार पोस्ट डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून पाठवलीस तर व्हॉट्सॲप ती दाबून धूसर करतं. सरकारची छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करून घे, ती फुकट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. त्याची एखादी पोस्ट मला पाठवायला सांगा, मी अक्षरं बघून देईन.