पिठातला प्रकाश आणि ‘प्राणशक्ती’

दादर-परळच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे: गिरणीतून नुकत्याच दळून आणलेल्या पिठातून प्रकाश निघतो, तीच त्याची प्राणशक्ती, पाणी घालून मळले की तो वाढतो, अंधारात डोळ्यांनाही दिसतो, पाकिटातले पीठ मात्र मृत.

पिठातून अतिक्षीण प्रकाश निघतो, एवढे खरे. दळताना दाण्याच्या अंकुरातले स्निग्ध पदार्थ हवेला उघडे पडतात, त्यांचे ऑक्सिडेशन (ऑक्सिजनशी संयोग) सुरू होऊन पेरॉक्सिल रॅडिकल म्हणजे ऑक्सिजनयुक्त, अतिशय क्रियाशील रेणू-तुकडे तयार होतात, आणि असे दोन रॅडिकल एकमेकांना भिडले की उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा असलेला, कार्बोनिल रेणू (कार्बन-ऑक्सिजन जोडी असलेला) किंवा उत्तेजित ऑक्सिजन निर्माण होतो, जो मूळ स्थितीला येताना क्वचित एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडतो. ही अभिक्रिया रसायनशास्त्रज्ञ ग्लेन रसेल यांनी १९५७ साली मांडली. म्हणजे संदेशात जिला प्राणशक्ती म्हटले आहे, ती पीठ खवट होऊ लागल्याची खूण आहे. त्याच तर्काने वडे तळून तळून काळे पडलेले तेल सर्वांत जिवंत ठरावे. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के, गव्हात २ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच मुंबईच्या पावसाळी दमट हवेत बाजरीचे पीठ गव्हाच्या कितीतरी आधी कडू होते.

पाण्याने प्रकाश वाढतो, हेही खरे. कारण मात्र वेगळे आहे. कोरड्या पिठात बरेचसे रॅडिकल जागच्या जागी अडकलेले असतात. ओल मिळताच ते हलू लागतात आणि लिपॉक्सिजनेज हे स्निग्धांचे ऑक्सिडेशन घडवणारे विकर (एन्झाइम) कामाला लागते. यासाठी जीव असावा लागत नाही. गॅमा किरणांचा मारा केलेली साखर पाण्यात विरघळतानाही असाच मंद प्रकाश देते, आणि साखरेत प्राण असल्याचा संदेश अद्याप कोणी पाठवलेला नाही.

डोळ्यांना दिसण्याचा दावा सरळ चुकीचा आहे. असा प्रकाश साधारणतः दर चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला १० ते १,००० फोटॉन इतकाच असतो आणि तो मोजायला काळोखी पेटी व एकेक फोटॉन टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी लागते. शिवाय ट्यूबलाइटखाली ठेवलेले पीठ शोषलेला उजेड नंतर काही काळ परत देत राहते, म्हणून प्रयोगशाळेत नमुना आधी अंधारात ठेवून मगच मोजणी करतात. स्वयंपाकघरातले दिवे मालवले तरी खिडकीतून रस्त्याचा उजेड परातीवर येतच असतो.

उरले पाकिटातले पीठ. मैद्यातून अंकुर व कोंडा काढलेला असल्याने त्यात ऑक्सिडेशनला वावच कमी. पाकिटातल्या आट्यात ते गिरणीच्या पिठासारखेच चालू असते. ताजे पीठ चवीला आणि वासाला सरस असते, याबद्दल वाद नाही. पण फोटॉन मोजूनच निवाडा करायचा ठरवला, तर डब्यात राहून खवट होत चाललेले पीठ ताज्यावर मात करण्याची शक्यता अधिक.