बारशाला डायपर आणा म्हणाली, तर काय बिघडलं?

सकाळपासून डोकं भणभणतंय. लिहिणार नव्हते. पण दुपारी भांडी लावताना ह्यांनी विचारलं, "एवढी आदळआपट कशासाठी?" तेव्हा म्हटलं, लिहून टाकलेलं बरं, नाहीतर काचेचं काहीतरी फुटायचं.

आमच्या नात्यातल्या एका सुनेनं फॅमिली ग्रुपवर बारशाचं निमंत्रण टाकलं. शनिवारी संध्याकाळी, इथेच इंदूरला, सुदामा नगरात. निमंत्रणाखाली तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या: "कृपया खेळणी, फोटो फ्रेम, चांदीच्या वस्तू आणू नका. आणायचंच असेल तर डायपर किंवा वाइप्स आणा, खरंच उपयोग होईल." इतकं साधं, इतकं नम्र.

पाच मिनिटांत हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लागली. एक ताई म्हणाल्या, "आता ओटीत नारळाऐवजी हगीज घालायचे का?" दुसऱ्या म्हणाल्या, "आमची चार मुलं लंगोटावर वाढली, कुणाकडे मागायला गेलो नाही." आणि एक काका, ज्यांनी जन्मात एक दुपटं धुतलं नसेल, त्यांनी लिहिलं, "कठीण आहे आजकालच्या पिढीचं." अर्ध्या तासात त्या पोरीनं तो मेसेज डिलीट केला आणि त्या दोन ओळी काढून निमंत्रण पुन्हा टाकलं. बाळंतीण ती! बारा दिवसांचं लेकरू मांडीवर घेऊन तिनं ते काय मनानं खोडलं असेल?

ग्रुपमधले निम्मे इथेही आहेत, हे माहीत आहे. वाचा.

माझी लेक आता दहावीत आहे. ती सात महिन्यांची असताना ह्यांचं पीथमपूरचं काम सुटलं. कंपनीचा ठेका संपला, साहेबांनी "बघू पुढच्या महिन्यात" म्हटलं आणि तो पुढचा महिना काही आला नाही. तेव्हा आम्ही अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहत होतो. पावसाळ्याचे दिवस. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे मी सुटे डायपर घ्यायला जायची. रात्रीपुरते, दोन. एकदा दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी असताना तो म्हणाला, "मैडम, पूरा पैकेट ले जाओ ना, सस्ता पड़ेगा. रोज-रोज दो-दो क्या लेना?" मोठ्यानं. मग ते दोन डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, जणू मी काही भलतंच विकत घेतलंय. हे बाहेर स्कूटरवर बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, पण घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

आता गंमत अशी की तो दुकानदार चुकीचं काहीच बोलत नव्हता. पूर्ण पाकीट स्वस्तच पडतं. आजही तेच आहे. सुटा किंवा दोन-चारचा छोटा पॅक घेतला तर एक नग बारा रुपयांच्या आसपास जातो. सत्तर-ऐंशीचा मोठा गठ्ठा घेतला तर तोच आठ-नऊला. पण त्या गठ्ठ्यासाठी एकदम सहा-सातशे रुपये हातात लागतात ना! महिन्याच्या २५ तारखेला ज्याच्या पाकिटात दीडशे रुपये आहेत तो सस्ता कसा घेणार? ज्याच्याकडे कमी, त्यालाच महाग. आणि वर सल्ला फुकट.

हिशोब घाला जरा, तुम्ही सगळे हिशोबात हुशार आहात. अगदी तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-दहा वेळा बदलावं लागतं, पुढे पाच-सहावर येतं. सहा धरा, दहा रुपयांनी धरा. रोजचे ६० रुपये, महिन्याचे १,८००. त्या बारशावाल्या सुनेच्या नवऱ्याचा पगार २२ हजार आहे, तोही कधी दहा तारखेला होतो कधी अठराला. त्यातून घरभाडं, गॅस, पेट्रोल, सासऱ्यांची बीपीची गोळी. दूध वरचं द्यावं लागलं तर पावडरचा ४०० ग्रॅमचा डबा चारशे-पाचशेला, तो किती दिवस जातो ते आयांना विचारा. लसींचे डोस मोफत आहेत सरकारी दवाखान्यात, त्याबद्दल देवाचे आभार.

"सरकार देतं की!" असंही एकानं लिहिलं. हो, देतं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांत. मी वर सांगितलेल्या हिशोबानं तीन महिन्यांचे डायपरही त्यात बसत नाहीत. आणि मुळात ते पैसे आईनं नीट खावं, बुडालेली मजुरी थोडी भरून निघावी म्हणून असतात. आपल्या मध्य प्रदेशची लाडली बहना, बायकांना दर महिन्याला पैसे देणारी? तिथे घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. २२ हजारांचे वर्षाचे होतात २ लाख ६४ हजार. म्हणजे १४ हजारांनी ही मुलगी श्रीमंत! अंगणवाडीतून बाळाला सहा महिने झाले की पोषण आहार मिळतो, उत्तम आहे, पण डायपर कुठल्याच यादीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणला, हे चांगलं झालं, मी नाव ठेवणार नाही. पण सॅनिटरी पॅड २०१८ पासून करमुक्त आहेत ना? मग बाळाचा लंगोट अजून कर का भरतोय?

आता येऊ या लंगोटावर, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडलंय.

ताई, तुमची चार मुलं लंगोटावर वाढली हे खरं. मी तुमचा मल्हारगंजचा वाडा पाहिलाय. मागे विहीर होती. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी होती. घरात सासूबाई, आत्या, जाऊ, आणि सकाळ-संध्याकाळ कपड्यांना बाई. बाळंतिणीला शेक-शेगडी करून पलंगावर बसवलेलं असायचं. लंगोट कोण धूत होतं? तुम्ही नव्हता धूत, निदान पहिले तीन महिने तरी नाही. शिवाय दुपटी कशाची होती? आजीच्या जुन्या नऊवारीची, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. आज घरात कुणाची जुनी सुती साडी सापडते ते सांगा. सगळ्या सिंथेटिक. त्याचा लंगोट शिवून बघा आणि स्वतः नेसून बघा.

या मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही टाकी भरेपर्यंत प्रेशर टिकलं तर. बाकी बोअरिंग, आणि इंदूरच्या बोअरिंगचं पाणी म्हणजे त्यात धुतलेलं कापड वाळलं की पापडासारखं उभं राहतं. बाल्कनी एवढी की एक माणूस आडवा उभा राहील. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दिवसाला वीस लंगोट वाळवायचे? मी करून पाहिलंय. त्या खोलीत आम्ही पंख्याखाली दोऱ्या बांधल्या होत्या, तव्यावर लंगोट शेकले होते, तरी रात्री दोन वाजता हाताशी येणारा दमटच असायचा. म्हणून मी त्या मेडिकलच्या दुकानात जायची. लाड म्हणून नाही. रात्री पोर झोपावं, आणि सकाळी हे कामाच्या शोधात जातील तेव्हा त्यांचे डोळे उघडे असावेत म्हणून.

बरं, उन्हाळ्यात सुती लंगोट डायपरपेक्षा चांगला, हे मान्य. दिवसभर डायपर बांधून ठेवला तर पुरळ येतं, हेही मान्य. कचऱ्याचंही मान्य. आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलंय, गाडीवाल्याला सहा प्रकारचा कचरा वेगळा करून देतो, त्यात डायपरचा कप्पाही वेगळा आहे. तो कप्पा उगाच नाही ठेवलेला. पुढे?

पुढे ही गोष्ट आहे जी कुणालाच दिसत नाहीये. तिला कामावर परत जायचंय. सहा माणसांच्या ऑफिसात नोकरी. २६ आठवड्यांची पगारी रजा मोठ्या कंपनीतल्या बायकांना. जिथे दहा माणसंही नाहीत तिथे तो कायदा पोचतच नाही. मालक भला आहे, "जागा ठेवतो" म्हणालाय, पण पगार नाही. म्हणजे जितक्या लवकर जाईल तितकं घर सावरेल. आणि पाळणाघरात काय विचारतात माहितेय? दूध नंतर, कपडे नंतर. आधी बॅगेतले डायपर मोजतात. पाच नसले तर बाळ घेत नाहीत. त्यांचंही चुकत नाही, दहा मुलांचे लंगोट कोण धुणार? पण याचा अर्थ असा की ज्या दिवशी डायपर नाहीत त्या दिवशी तिची रजा, त्या दिवसाचा पगार कापला, आणि त्या कापलेल्या पगारात पुन्हा डायपर आले नाहीत. मी तिच्या जागी होते तेव्हा नोकरीवर पाणीच सोडलं. कुणी विचारलं नाही का सोडली. सगळे म्हणाले, बरं केलंस, मुलीकडे लक्ष दे.

एका जावेनं खासगीत लिहिलं, "बारशाला हॉल घ्यायला पैसे आहेत, डायपरला नाहीत?" बोचलं मला, कारण मुद्दा अगदीच फालतू नाही. हॉल नको होता. पण हॉलचा हट्ट कुणाचा? घरी, गच्चीवर, घुगऱ्या वाटून केलं असतं तर ह्याच ग्रुपवर पहिला मेसेज काय आला असता? "पहिलं नातवंड आणि इतकं कोरडं?" तिच्या सासऱ्यांनी त्या हॉलसाठी एफडी मोडलीय. तुमच्यासाठी मोडलीय हो ती. दीडशे पानं जेवणार आणि उद्या त्या घरात काय उरणार? सात टेडी, चार फ्रेम, तीन चांदीच्या वाट्या. वाटीत काय घालायचं ते बघू.

राग उतरत चाललाय. एक सांगते.

त्या दिवशी मेडिकलमध्ये माझ्या मागे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. मला माहीत नव्हतं. त्या तिथे काही बोलल्या नाहीत, दुकानदाराला झापलं नाही, माझे पैसे द्यायला पुढे आल्या नाहीत. आल्या असत्या तर मी मेलेच असते. श्रावण चालू होता. शुक्रवारी त्यांच्याकडे जिवतीची पूजा, हळदीकुंकवाला बोलावलं. दूध, फुटाणे. माझी ओटी भरली: तांदूळ, नारळ, खण, आणि त्यावर डायपरचं अख्खं मोठं पाकीट, एल साइज. मी बघतच राहिले. म्हणाल्या, "अगं, जिवतीची पूजा लेकरांसाठीच असते ना? मग लेकराला लागेल तेच घातलं." बाकीच्या बायकांसमोर, अगदी सहज. कुणी हसलं नाही. त्यानंतर दर शुक्रवारी, श्रावण संपेपर्यंत, काहीतरी कारण काढून त्यांनी ओटी भरलीच.

तर हगीजचं विचारणाऱ्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे घ्या: नारळाऐवजी नाही, नारळाबरोबर घालायचे. आमच्या काकूंनी घातले. कोकणस्थ, सोवळ्यातल्या, चातुर्मास पाळणाऱ्या बाई होत्या त्या.

बाळंतविडा म्हणून आपण काय द्यायचो? झबली, टोपडी, कुंची, दुपटी. सगळं लागणारं. विणून, शिवून, वापरायला. तेव्हाही कुणी बाळाला शोपीस देत नव्हतं. मग आज बाळाला जे लागतं ते तिनं सांगितलं तर ती भीक कशी झाली? लग्नात "आहेर रोख स्वरूपात" छापतात तेव्हा तुम्ही हसत नाही, निमूट पाकीट देता.

बरं, आता कामाचं. शनिवारी जे जाणार आहेत त्यांनी सगळ्यांनीच न्यू बॉर्न साइज उचलू नका. ती पाच किलोपर्यंतच चालते, बाळ दोन महिन्यांत त्यातून बाहेर येतं आणि पाकिटं पडून राहतात. एस आणि एम जास्त घ्या. पँटवाले घ्या, पट्टीवाले रात्री अंधारात लावताना वैताग येतो. पाकीट फोडू नका, बिल आत ठेवा, म्हणजे साइज बदलून घेता येईल. वाइप्स बिनवासाचे. कुणाकडे खरी जुनी सुती नऊवारी असेल तर तीही द्या, दिवसा दुपटी लागतातच. आणि ज्यांना चांदीचंच द्यायचंय त्यांनी द्या बापडे, वाळे घाला, पण सोबत एक पाकीटही असू द्या.

मी एमचे दोन गठ्ठे घेतेय. एस अजून कुणी सांगितलेले नाहीत. जो घेईल त्यानं मला फोन करून सांगा, ग्रुपवर नको.