पन्हा साठ इंची

खेळाचं कुठलंही सामान घेताना सासऱ्यांना बरोबर नेऊ नये आणि घेतल्यावर दाखवूही नये. त्यातून सासरे इचलकरंजीचे असले, उभं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं असलं आणि सामान कापडाचं असलं, तर ते गाडीच्या डिकीतून बाहेरच काढू नये. मी गेल्या शनिवारी काढलं. अजून डोकं थाऱ्यावर नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हायड्रोफॉइल म्हणजे फळीच्या पोटाला लावलेला खांब आणि खांबाच्या टोकाला पंख. वेग आला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतो आणि मग वाऱ्याने उठवलेल्या लाटांवरून मैलोगणती घसरत जाता येतं. अडचण फक्त पहिल्या उठण्याची. वल्हं मारून उठायचं तर अर्धा जीव तिथेच जातो. हवा भरून फुगवायचा विंग घेतला तर उठवतो झकास, पण लाट मिळाल्यावरही नकोशा पाहुण्यासारखा हातात फडफडत राहतो. यावरचा उतारा म्हणजे पॅराविंग. २०२४ साली हवाईतल्या माऊई बेटावरच्या बोर्डरायडिंग माऊई या कंपनीने ‘मालिको’ नावाचा पॅराविंग आणला आणि बघता बघता सगळे त्याच्या मागे लागले. एकेरी कापडाची छोटी छत्री, खाली दोऱ्यांचं जंजाळ, दोऱ्या येऊन मिळतात हातभर दांडीला. वाऱ्यात उघडायची, उठायचं, लाट मिळाली की घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचायची. हात मोकळे.

हे ‘खोचायची’ वगैरे लिहायला एक ओळ लागते.

आधी निवडीचं. तीन चौरस मीटर की चार? मोठा घेतला तर कमी वाऱ्यातही उठवतो, पण वाटेत वारा वाढला की तोच जिवावर उठतो, शिवाय घडीचा गोळा एवढा मोठा होतो की पट्ट्यात मावत नाही. लहान घेतला तर घडी सुबक, पण ती करायला आधी उठावं लागतं. लांबुडका आकार वाऱ्याच्या अंगावर चांगला चढतो, पण नखरेल. बुटका चटकन उघडतो, पण वाऱ्यासोबतच वाहवत नेतो. दुकानातल्या पोराला वजन सांगितलं तर त्याने माझ्या पोटाकडे बघून विचारलं, “हे आत्ताचं की कॉलेजमधलं?” शेवटी साडेतीन घेतला. साडेतीन म्हणजे कुणालाच खूश न करणारा आकडा, आघाडी सरकारासारखा. आणि खोकं उघडेपर्यंत नवी आवृत्ती बाजारात. दोऱ्या कमी, घडी सोपी, आमच्या जुन्याला विचारतंय कोण! या धंद्यात गिऱ्हाईक पैसे देऊन चाचणी करून देतं आणि वर आभारही मानतं.

तर शनिवार. अमेरिकेत, आमच्या पोर्टलंडहून तासाभरावर कोलंबिया नदीची घळ आहे. पूर्वेकडचं रखरखीत पठार उन्हाळ्यात तापलं की समुद्राकडची गार हवा कॅस्केड डोंगररांगेतल्या या एकाच सखल फटीतून आत खेचली जाते. नदी वाहते पश्चिमेला, वारा जातो पूर्वेला. दोघांची मारामारी होते आणि लाटा उभ्या राहतात. व्हिएंटोला पाण्यात उतरायचं आणि सात-आठ मैलांवर हूड रिव्हर गावाला निघायचं. गाडी बायको तिकडे आणणार. सासरे मेपासून आमच्याकडे, घरात बसून कंटाळलेले. “बाबांना पण ने,” बायको म्हणाली. नेलं.

मी गवतावर पॅराविंग पसरला आणि वाऱ्याने तो दोऱ्यांसकट स्वतःभोवती गुंडाळून घेतला. मी वाकून बसलो. सासरे घडीच्या खुर्चीतून उठून आले, कापडाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला, मग उन्हात धरून डोळा बारीक केला.

“नायलॉन,” ते म्हणाले. “चौकडी टाकलीय. फाटलं तर पुढं धावू नये म्हणून. वर कोटिंग. कोटिंग गेलं की चिंधी.”

“हो बाबा.”

“किती कापड?”

“साडेतीन चौरस मीटर.”

“तसं नाही ओ. पन्हा किती?” मी गप्प. “साठ इंची धरू. म्हणजे सव्वादोन-अडीच मीटर, कटिंगचं वेस्टेज धरून. बरं, पडला कितीला?”

इथे खोटं बोलायची संधी होती. पण बायको गाडीतून टॉवेल घेऊन आली आणि म्हणाली, “नऊशे डॉलर.”

सासऱ्यांनी मनात गुणाकार केला. त्यांचे ओठ हलत होते. “पंचाहत्तर हजार?”

“थोडे जास्तच.”

“अडीच मीटरला?” त्यांनी कोपरा सोडला आणि पुन्हा धरला. “जावईबापू, येवल्याची पैठणी साडेपाच मीटर असते. तिला काठ असतात. पदर असतो. त्यावर मोर असतात.”

शेजारी एक दाढीवाला गृहस्थ आपला पॅराविंग उलगडत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण ‘मोर’ म्हणताना सासऱ्यांनी हातांनी जो पिसारा केला तो पाहून तो काम सोडून जवळ आला.

“ह्यात हवा भरायची नाही ना?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही. तोच तर फायदा.”

“म्हणजे रबराची नळी वाचली, व्हॉल्व्ह वाचला, पंप वाचला. कापडही एकेरी. मग स्वस्त पाहिजे.”

“डिझाइनचे पैसे असतात बाबा. दोऱ्यांची लांबी मिलिमीटरमध्ये ठरवलेली असते.”

“मिलिमीटरमध्ये,” ते दाढीवाल्याकडे बघून म्हणाले. दाढीवाल्याने मान डोलावली.

माझा खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. मी गुंता ओढत होतो. सासरे म्हणाले, “ओढू नका. ओढलं की गाठ बसते.” मांडी घालून बसले, दांडी पायाच्या अंगठ्यात अडकवली, आणि बोटांनी दोऱ्या नुसत्या सैल करत गेले. मी वेटसूटची चेन लावेपर्यंत गुंता सुटला होता. सगळ्या दोऱ्या पाटावर मांडल्यासारख्या सरळ. मी हा गुंता सोडवायला शिकण्यासाठी किती व्हिडिओ बघितलेत ते सांगत नाही. दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि लगेच स्वतःचा आणून समोर ठेवला.

मी पाण्यात उतरलो. छत्री उघडली, वाऱ्याने ती उचलली, फळी उठली. आणि डावीकडे वळली. मी उजवीकडे वजन टाकलं. ती डावीकडे गेली. लाट आली म्हणून घडी करायला पुढच्या दोऱ्या मुठीत धरल्या, तर अर्धं कापड मुठीत आलं आणि अर्धं पाण्यात गेलं. ओलं कापड स्वतःला चिकटून बसतं. ते झटकायचं, पुन्हा वाऱ्यात धरायचं, आणि हे सगळं छातीभर लाटांत, बुडणाऱ्या फळीवर गुडघे टेकून. काठाने युनियन पॅसिफिकची लांबच लांब मालगाडी गेली. बराच वेळ जात होती. वारा मला हूड रिव्हरला ढकलत होता, पाणी पॅसिफिककडे ओढत होतं, आणि मी त्याच एका देवदारासमोर.

उठलो, पडलो, डावीकडे गेलो. आडवं जात जात जवळजवळ पलीकडच्या काठावरच्या वॉशिंग्टन राज्यात पोचलो आणि परत आलो. माझ्या बाजूने एक साठीच्या बाई कमरेला सुबक घडी खोचून, दोन्ही हात मोकळे सोडून, लाटेवरून लाटेवर निघून गेल्या. जाताना ‘मजा येतेय ना?’ असं ओरडल्या. हा प्रश्न पाण्यावर विचारायला बंदी हवी.

हूड रिव्हरच्या हिरवळीवर पोचलो तेव्हा माझ्या हातात दोऱ्यांचं घरटं होतं. पुढे बघतो तर घोळका. मध्ये सासरे, चष्मा नाकावर, पायाच्या अंगठ्यात कुणाची तरी दांडी. व्हिएंटोच्या दाढीवाल्याने गावभर केलं होतं. बायको दुभाषी. चार-पाच जण रांगेत, आणि सगळ्यात पुढे त्या मजा येणाऱ्या बाई. एकाने सासऱ्यांना चेरीचा पुडा दिला होता. मी घोळका बाजूला सारून माझा गोळा पुढे केला.

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “ठेवा तिथं. ह्या बाई आधी आल्यात.”

मी ओला, थरथरत उभा. “बाबा, हा डावीकडे ओढतोय. सकाळपर्यंत नीट होता.”

“ओढेल थोडा,” ते बाईंच्या दोऱ्या चाचपत म्हणाले. “एक तार विरली होती डाव्या अंगाची. तुम्ही कपडे बदलत होता तेवढ्यात विरलेलं कापून सांधून दिली. पक्की गाठ आहे, मागावर दिवसभर टिकते.”

“कापून?”

“बोटभरच.”

“बाबा, मी सांगितलं होतं ना, मिलिमीटरमध्ये…”

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच गिळलं. रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते, म्हाताऱ्या माणसावर आवाज चढवणारा हा कोण अशा नजरेने. सासऱ्यांनी मात्र मनाला लावून घेतलं नाही. बाईंची शेवटची दोरी सोडवून त्यांनी ती झटकली, बायकोच्या पर्समधली छोटी कात्री उचलली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

“त्यात काय एवढं. आणा इकडं. उजवीकडचीही बोटभर कमी करतो, म्हणजे जुळेल.”